बोटंवालीचा नारळ

एका गावात एक बाई होती आणि तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना अख्खं गाव टरकून असायचं. हसू नका. सांगते ते नीट ऐका आणि मध्येमध्ये प्रश्न विचारू नका, मला पुढचं विसरायला होतं.

गाव होतं खाडीच्या तोंडाशी. पुढ्यात समुद्र, डाव्या हाताला तिवरांची दाट झाडी आणि मधल्या वाळूवर ओळीने होड्या. शेती कुणाकडेच नव्हती. समुद्राने दिलं तर चूल पेटायची, नाही दिलं तर पेजेवर भागवायचं.

पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि घरोघरी बायकांनी जाळी विणायची. जाळ्याच्या एकेका भोकाला त्या गावात आस म्हणत. नारळी पौर्णिमेच्या सकाळी सगळी जाळी वाळूवर पसरली जात आणि ही बाई, जिला सगळे बोटंवाली म्हणत, एकेका जाळ्यापाशी जाई. मधली तीन बोटं जुळवायची आणि आसात घालायची. मुळापर्यंत सहज गेली तर जाळं पास. अडकली की कमरेची सुरी काढून तिथल्या तिथे टर्रकन फाडायचं. मग ते उसवा, पुन्हा विणा, गळा काढून रडा, बोटंवालीला त्याचं काही नाही.

का म्हणाल, तर तीन बोटांच्या आसातून माशाचं पिल्लू निसटायचं आणि वाढलेला मासा अडकायचा. एवढं साधं होतं ते. जवळ्या-कोळंबीची बारीक जाळी वेगळी, ती खाडीच्या कडेला उभं राहून ओढायची, त्यांना हा नियम नव्हता. ही गोष्ट होड्यांतल्या मोठ्या जाळ्यांची आहे.

सगळी जाळी तपासून झाली की बोटंवाली गुडघाभर पाण्यात जाऊन समुद्राला नारळ द्यायची. तो नारळ तिच्याच हातून पडायला हवा. तो पडल्याशिवाय गावातली एकही होडी पाण्यात उतरत नसे. भल्या भल्या मिशीवाल्या नाखव्यांचीही ती छाती नव्हती.

सुरुवातीला सांगितली ती बोटंवाली म्हणजे पोशीबाय. जन्मभर वल्ही मारली, दोर ओढले, टोपल्या उचलल्या. तिचं एकेक बोट वेलची केळ्याएवढं जाड. तिच्या वेळी पापलेट ताटाबाहेर जायचं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही, पण म्हणतात.

एके वर्षी पोशीबाय म्हातारपणाने गेली. गाव रडलं, तेराव्याला जेवलं आणि चौदाव्या दिवशी देवळासमोर बसलं, नवी बोटंवाली निवडायला. गावातला सगळ्यात मोठा होडीवाला होता हरबा नाखवा. तो घसा खाकरून म्हणाला, "आपल्या गुरवाची सून आहे की. शांत आहे, देवाधर्माची आहे."

शांत होती, खरं आहे. पण हरबाची नजर तिच्या स्वभावावर नव्हती, बोटांवर होती. फुलं आणि गंध यांपलीकडे त्या बोटांनी काही उचललेलं नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. त्या वर्षी आस थोडा बारीक झाला. नियम मात्र तोच, तीन बोटं!

गुरवाच्या सुनेनंतर शिंप्याची मुलगी आली. तिची बोटं आणखी बारीक. आणि ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तेव्हा गावाला सापडली चांगुणा.

चांगुणा घाटावरची, फुलमाळ्याची लेक. धाकू नावाच्या एका होडीवाल्याशी लग्न करून ती या गावात आली होती. जन्मात कधी समुद्र पाहिलेला नाही, माहेरी नुसते गजरे ओवलेले. तिची बोटं म्हणजे गवारीच्या शेंगा! हरबा नाखवा तिची बोटं बघून इतका खूश झाला की स्वतः पेढे घेऊन धाकूच्या दारी आला.

"धाकूच्या आई, नशीब काढलंत," तो म्हणाला. "सून बोटंवाली झाली तुमची."

धाकूच्या आईचं नाव आंबूबाय. गावात तिच्याइतकं सफाईने जाळं कुणी विणत नसे. तिने पेढा घेतला, तोंडात टाकला आणि पुन्हा जाळ्याला बसली.

चांगुणाला मात्र फार आनंद झाला. परकं गाव, नवं घर आणि आल्या आल्या एवढा मान. नारळी पौर्णिमेला ती नवं लुगडं नेसून वाळूवर उतरली. या जाळ्यात बोटं घाल, सरकन जात. त्या जाळ्यात घाल, सरकन जात. सुरी कमरेची हललीसुद्धा नाही. सगळे म्हणाले, "पोरीचा हात गुणाचा आहे!" तिने नारळ दिला, होड्या गेल्या, संध्याकाळी भरून आल्या. टोपल्यांवर टोपल्या.

ती आंबूबायबरोबर मासे निवडायला बसली. टोपलीत करंगळीएवढे चपटे, चांदीसारखे मासे होते, ढिगाने.

"आई, हा कोणता मासा?"

"पापलेट."

"एवढुसं?"

"आता एवढुसंच येतं गो."

"मग हे विकायचं कसं?"

"कोण घेणार? सुकवायचं आणि खतात घालायचं." आंबूबायने मोठे चार मासे बाजूला काढले आणि बाकीची टोपली वाळूवर उपडी केली.

त्या दिवसापासून चांगुणाच्या जिवाला चैन पडेना. काय खुपतंय ते तिला सांगता येईना. भाकरी थापताना थांबायची, उजव्या हाताच्या बोटांकडे बघायची. पाणी भरायला जायची ती घागर तशीच ठेवून किनाऱ्यावर चकरा मारायची. वाळूवर सगळीकडे ती चांदीची पिल्लं वाळत पडलेली. कावळेसुद्धा खाऊन खाऊन कंटाळले होते.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं, पण जवळ मासा मिळेना. होड्या लांब जाऊ लागल्या. आधी तिवरांचं टोक दिसेल इतक्या अंतरावर, मग टेकडीचा माथा दिसेनासा होईपर्यंत. सकाळी गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी परतू लागली. गावात जो तो दुसऱ्यावर खेकसायचा. पोरांना विनाकारण धपाटे बसायचे. कुणी म्हणे समुद्र कोपला, कुणी म्हणे पलीकडच्या गावाने करणी केली.

आणि एकदा धाकू गेला तो दोन दिवस आलाच नाही.

वारा सुटला होता. चांगुणा किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. लोक म्हणाले बस, ती बसली नाही. आंबूबाय म्हणाली दोन घास खा, तिने खाल्ले नाहीत. तिने नवस बोलायला सुरुवात केली आणि कुठल्या देवाला काय बोललो ते तिचं तिलाच आठवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी शीड दिसलं. धाकू उतरला तो ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. होडीत अर्धी टोपली मासे होते. करंगळीएवढे!

चांगुणाने त्याला मिठी मारली नाही. ती टोपलीकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, "यासाठी? यासाठी जीव टांगणीला लावलात?"

"जवळ काही उरलंच नाही," धाकू म्हणाला आणि तिथेच वाळूवर बसला.

पुढचा पाऊसकाळ आला आणि आंबूबाय नव्या जाळ्याला बसली. सकाळी दिवा मालवायच्या आधी सुरुवात, संध्याकाळी दिवा लावल्यावरही चालूच. तिची नजर अधू झाली होती, गाठ हाताने चाचपून मारायची. विणताना प्रत्येक आस सारखा यावा म्हणून बांबूची एक पट्टी मध्ये धरतात. आस ज्या मापाचा हवा, तेवढी पट्टीची रुंदी. एके दिवशी ती पट्टी चिरली.

"वर आढ्याला खोचलेली असेल एखादी, बघ," आंबूबाय म्हणाली.

चांगुणाने आढ्यात हात घातला. पट्टी निघाली. मग आणखी एक. मग आणखी एक. तिने तिन्ही पुसल्या आणि चिरलेल्या पट्टीशेजारी जमिनीवर मांडल्या. चारही पट्ट्या वेगवेगळ्या रुंदीच्या. सगळ्यात जुनी, धुराने काळी झालेली पट्टी चिरलेल्या पट्टीच्या दुप्पट रुंद होती.

"आई, ही कुणाची?"

आंबूबायने हात फिरवून पाहिलं. "ही पोशीबायच्या वेळची. ही गुरवाच्या सुनेच्या मापाची. ही शिंप्याच्या पोरीची." आणि चिरलेल्या पट्टीवर तिचा हात थांबला. "ही तुझी."

"म्हणजे नियम मोडला कुणी?" चांगुणाने विचारलं.

"कुणीच नाही गो. दर वेळी तीनच बोटं होती."

"मग तुम्हाला सगळं माहीत होतं? तुम्हीच तर विणत होतात!"

आंबूबाय चिडली. "होतं माहीत! सगळ्या बायकांना माहीत आहे. मी एकटीने मोठा आस विणला असता तर माझा धाकू रिकामा आला असता आणि हरबाचं घर भरलं असतं. तू कालची आलेली, मला शिकवू नको."

त्यानंतर चांगुणाचा हात एका जागी राहीना. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. धाकूने दोनदा विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, बोटं शिवशिवतायत.

नारळी पौर्णिमा उजाडली. वाळूवर जाळी पसरली. बायका नटून आल्या, ढोल वाजायला लागला. चांगुणा आली तेव्हा मात्र ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर जाळ्याचा दोरा गुंडाळलेला होता, फेऱ्यावर फेरे. जुन्या काळ्या पट्टीशी ताडून बघत तिने पहाटेपासून तेच केलं होतं.

"काय गो, भाजलीबिजलीस की काय?" हरबाने विचारलं.

"नाही. पोशीबायची बोटं घेऊन आले."

कुणीतरी हसलं. बाकी कुणी हसलं नाही.

ती पहिल्यांदा गेली स्वतःच्या घरच्या जाळ्यापाशी. आंबूबाय जाळ्याच्या कडेला उभी होती. दोन महिने डोळे फोडून विणलेलं जाळं ते! चांगुणाने जाड बोटं आसात घातली. पेरभरही गेली नाहीत. तिने आंबूबायकडे पाहिलं, धाकूकडे पाहिलं. धाकूने मान खाली घातली.

"चांगुणा," आंबूबाय हळूच म्हणाली, "जाऊ दे गो. घरचं आहे."

तिथे ती थांबली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. उलट दुपारी जेवायला पुरणपोळी मिळाली असती. पण तिने सुरी काढली आणि डोळे मिटून जाळं फाडलं. आंबूबायच्या तोंडून असा आवाज निघाला की जवळच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मग ती पाठ फिरवून घरी चालू लागली. सून मागून "आई, आई" करत होती, तिने वळून पाहिलं नाही.

आता गाव खवळलं. "तुझ्या घरचं फाडलंस ना? तुझं तू बघ," हरबा आडवा आला. "आमच्या जाळ्याला हात लावलास तर याद राख. गप नारळ दे आणि घरी जा."

"बरं," चांगुणा म्हणाली. "तुमच्या जाळ्यांना हात नाही लावत." आणि ती पाण्याच्या कडेला फतकल मारून बसली, नारळ मांडीवर घेऊन. "पण नारळ माझ्या हातचा आहे. जुन्या मापाची जाळी येईपर्यंत तो देणार नाही."

काय तो गोंधळ! कुणी समजावलं, कुणी शिव्या घातल्या. एक नाखवा म्हणाला, "आपण सोडलेली पिल्लं पलीकडचं गाव पकडेल, मग?"

"पकडेलही," चांगुणा म्हणाली. "मग त्यांच्या किनाऱ्यावर जाऊन बसेन. पण आपली जाळी अशी असताना कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आणि तोवर पोरांना काय दगड घालू खायला?"

"मलाही भूक लागते," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. रडली, पण उठली नाही.

दुसऱ्या दिवशी हरबाने घरून दुसरा नारळ आणला. "हिच्यावाचून काय अडलंय?" म्हणत स्वतःच पाण्यात फेकला आणि होडी लोटायला गड्यांना हाक मारली. तेवढ्यात लाटेने नारळ परत आणून बरोबर त्याच्या पायाशी टाकला. आता भरतीच्या वेळी टाकलेला नारळ परत येणारच, त्यात देवाचं काय? हरबाला एवढंही कळू नये! पण गडी मागे सरले आणि कुणी वल्ह्याला हात लावेना. हरबा लाल तोंड घेऊन घरी गेला.

तिसरा दिवस. ऊन मी म्हणत होतं. धाकू तिला पाणी आणून देत होता, तेही चोरून. चांगुणाच्या बोटांवरचा दोरा मिठाच्या पाण्याने आवळला होता आणि बोटं निळी पडली होती. तिला आता खरंच वाटायला लागलं होतं, आपण चुकलो. घर तुटलं, गाव तुटलं, आणि समुद्राला काय त्याचं? उठावं, नारळ टाकावा, माहेरी जावं.

तेवढ्यात मागून वाळूत पावलं वाजली. आंबूबाय होती. काखेत फाडलेलं जाळं, हातात सुताची गुंडी आणि ती काळी पट्टी. ती चांगुणाकडे न बघता तिच्या शेजारी बसली, जाळं मांडीवर पसरलं आणि उसवायला लागली.

मग आंबूबाय करवादली, "रिकामी बसलीयस तर दोरा तरी गुंडाळ. मला दिसतंय का आता?"

चांगुणाने बोटांवरचा दोरा सोडला आणि आंबूबायच्या गुंडीला गुंडाळायला घेतला. आंबूबायने एकदा तिची निळी बोटं आपल्या हातात घेऊन चोळली, मग झटकन सोडली आणि पुन्हा विणायला लागली.

घरांच्या ओट्यांवरून बायका हे बघत होत्या. संध्याकाळी शेजारची एक आली, पदराखाली काहीतरी लपवून. काळी पट्टी! तिच्याही आढ्याला होती. मग दुसरी आली. मग चौघी आल्या. जुनी पट्टी गावात एकाही बाईने टाकून दिलेली नव्हती, बघा. शेवटी हरबाची बायकोच आपलं जाळं ओढत वाळूवर आली आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "विणते मी. तुम्हाला गाठ तरी मारता येते का?" हरबाला येत नव्हती.

ती जाळी विणून व्हायला दसरा उजाडला, तेव्हा कुठे चांगुणाने नारळ दिला. चांगले मासळीचे दिवस हातचे गेले. पहिलं वर्ष वाईटच होतं, खोटं कशाला सांगू? घरोघरी पेज शिजली. चांगुणा पाण्याला गेली की बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. दुसऱ्या वर्षीही फार काही हाती लागलं नाही. मोठ्या आसातून पिल्लं निसटून जाताना पुरुषांचे चेहरे बघवत नसत. चांगुणा आणि आंबूबाय मात्र होडीत बसून पलीकडच्या गावी गेल्या, पट्टी घेऊन. तिथे त्यांना हाकलून दिलं. त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांना निदान चहा मिळाला, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथल्या दोन घरांनी पट्टी बदलली.

चौथ्या वर्षी, तिवरांचं टोक अजून दिसत होतं इतक्या जवळून, हरबा नाखव्याच्या होडीने एक पापलेट आणलं. ते तळहाताला पुरून उरलं. हरबा ते घेऊन धाकूच्या दारी आला. आत आला नाही, उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "धाकूच्या आई, सुनेला द्या. समुद्र जवळ आला म्हणावं." आणि कुणी बोलवायच्या आत निघून गेला.

आंबूबायने त्या माशावरून हात फिरवला, शेपटीपासून डोक्यापर्यंत, दोनदा. तिला आता दिसत नव्हतं. ती म्हणाली, "पोशीबायच्या वेळचं आहे," आणि मग चुलीसमोर बसून खूप रडली.

चांगुणा पुढे पुष्कळ वर्षं बोटंवाली राहिली. होडी, दोर, जाळी करून करून तिचीही बोटं जाड झाली, दोरा गुंडाळायची गरज पडेना. ती थकली तेव्हा गाव पुन्हा देवळासमोर बसलं आणि पुन्हा सगळ्यांचे डोळे पोरीबाळींच्या हातांकडे वळले. चांगुणा काठी आपटून ओरडली, "बोटं काय बघताय मेल्यांनो!" आणि तिने ती काळी पट्टी देवळाच्या खांबाला तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून घेतली.

तरी तिचा जीव काही स्वस्थ झाला नाही. रोज सकाळी ती काठी टेकत देवळात यायची, देवाला नमस्कार करायच्या आधी पट्टीवर आपली तीन बोटं ठेवून बघायची. लोक विचारायचे, "आजी, पट्टी कुठे पळून जाते का?" ती म्हणायची, "पळत नाही रे. घासली जाते."

तात्पर्य विचारताय? तर ऐका. तिथे नियम कुणी मोडला नव्हता, माप आपल्या सोयीचं करून घेतलं होतं, आणि तेवढ्यानेच समुद्र रिकामा झाला. म्हणून माप रोज तपासावं, आणि सुरी पहिल्यांदा आपल्या घरच्या जाळ्याला लावावी.